विंडोज ११ : स्टार्ट मेनू मोठा कसा करायचा? (बाबांची पाटी लहान झालीय)

भाबडाप्रश्न
मंडळी, प्रश्न अगदीच बाळबोध आहे, हसू नका. बाबांचा जुना लॅपटॉप गेला, नवीन घेतला. जुन्यात विंडोज १० होतं आणि मी त्यांना स्टार्ट मेनू चांगला ऐसपैस ओढून दिलेला, त्यात चार मोठ्ठे चौकोन, मेल, बातम्या, पत्ते आणि फोटो, बास. बाबा त्याला पाटी म्हणतात. "पाटी उघड" म्हटलं की विंडोजचं बटण दाबायचं. आता नवीन लॅपटॉपवर पाटी उघडली की मधोमध एक छोटी चौकट येते, त्यात बारीक बारीक चित्रं, आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावून बसतात, तरी मेलच्या जागी शेजारचंच काहीतरी उघडतं. मी मेनूच्या कडेला माऊस नेऊन ओढायला बघितलं तर तो बाणच येत नाही. तर मेनू मोठा कसा करायचा?

टिवल्याबावल्या
वरच्या कडेला माऊस न्यायचा, दुहेरी बाण आला की धरून वर ओढायचं, उजवीकडची कड धरून रुंदी वाढवायची. कोपरा धरला तर दोन्ही एकदम. सोप्पंय.

भाबडाप्रश्न
@टिवल्याबावल्या अहो तेच तर लिहिलंय, बाण येतच नाही.

टिवल्याबावल्या
मग माऊस खराब असेल :डोळामारा:

कळफलक
टिवल्या, धागा वाचून प्रतिसाद देत जा रे. शीर्षकातच ११ लिहिलंय. ओढून साईझ बदलायची सोय १० मध्ये होती, ११ मध्ये नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात ११ आलं तेव्हापासून मेनूची चौकट जेवढी दिली तेवढीच, कड धरता येत नाही, टाइल्स म्हणजे ते मोठे चौकोन, तेही गेले. त्यामुळे भाबडाताई, तुमचं काही चुकत नाहीये.
तुम्ही एक करा, विंडोज की आणि आर एकदम दाबा, जी छोटी खिडकी येईल तिच्यात विनव्हर (winver) असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. त्यात व्हर्जन काय दिसतंय ते सांगा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

जुनंखोड
आमच्या वेळी हे असले प्रश्नच नव्हते. ९५ मध्ये स्टार्ट बटण आलं तेव्हा एक उभी यादी, डाव्या बाजूला उभं नाव लिहिलेलं, संपला विषय. ९८ ला एक खूण करायची सोय होती, शो स्मॉल आयकॉन्स, ती केली की यादी आटोपशीर व्हायची. एक्सपीत लार्ज आणि स्मॉल असे दोन गोल पर्याय. सातमध्ये तर काय राजेशाही, स्टार्टवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, त्या लांबलचक यादीच्या तळाशी युझ लार्ज आयकॉन्स, आणि खाली किती प्रोग्रॅम दाखवायचे तो आकडा, मुळात १० असायचा, तो २० केला की मेनू आपोआप उंच. माणसाला हवं ते मिळायचं. मग आठ आलं २०१२ मध्ये आणि बटणच गायब, अख्खी स्क्रीन म्हणजेच मेनू. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. आता पुन्हा आपलं ये रे माझ्या मागल्या.

सहज_सुचलं
+१ जुनंखोड. सातचा मेनू तो सातचा मेनू.

रात्रपाळी
काका, सातच्या आठवणी छान आहेत पण त्यांच्या बाबांना मेल उघडायचाय :स्मित:

माझाही एक प्रश्न याच धाग्यात घुसवतो, वेगळा धागा काढत नाही. माझ्याकडे १० च आहे, हार्डवेअर जुनं असल्यामुळे ११ वर जात नाही (माहितीये, ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला, त्यावर प्रवचन नको). माझी उलटी तक्रार, मेनू अख्खी स्क्रीन खातो. कालपर्यंत कोपऱ्यात होता, आज बटण दाबलं की सगळं झाकलं जातं, मागचं काम दिसतच नाही.

कळफलक
@रात्रपाळी, दोनच शक्यता. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट, तिथे युझ स्टार्ट फुल स्क्रीन चालू झालंय का बघ. ते बंद असूनही तसंच होत असेल तर टॅबलेट मोड चालू झालाय. विंडोज की आणि ए दाबलं की उजवीकडून पट्टी येते, तिच्यात खाली टॅबलेट मोडचा चौकोन असतो, तो निळा असला तर दाबून घालव.

रात्रपाळी
टॅबलेट मोडच निघाला! पोरानं दाबला असणार. धन्यवाद.
आता कोपऱ्यात आला मेनू, पण माझ्या टचपॅडनं कड पकडायला जाम त्रास होतो, निसटतेच.

कळफलक
पकडूच नकोस. मेनू उघड, कंट्रोल दाबून ठेव आणि बाणाच्या कळा मार. वर मारलास की उंची वाढते, खाली मारलास की कमी, डावीउजवीकडे रुंदी. कळफलक हे नाव मी उगाच नाही घेतलं.

रात्रपाळी
आयला!! इतकी वर्षं वापरतोय, हे माहीतच नव्हतं. पाच मिनिटं नुसता वरखाली करत बसलोय. उंची हळूहळू वाढते पण रुंदी एकदम ढांग टाकल्यासारखी वाढते, ते का?

कळफलक
कारण रुंदी टाइलच्या गटाच्या हिशोबानं वाढते, अख्खा एक गट मावेल एवढी. अर्धा गट दाखवत नाही. एका गटात मध्यम आकाराच्या तीन टाइल्स शेजारी शेजारी बसतात, पर्सनलायझेशनच्या त्याच पानावर शो मोअर टाइल्स चालू केलंस तर चार बसतात. आणि टाइलवर राइट क्लिक करून रीसाईझ केलं की स्मॉल, मीडियम, वाईड, लार्ज असे चार प्रकार, सगळ्यांना सगळे मिळत नाहीत, साध्या जुन्या प्रोग्रॅमना फक्त पहिले दोन. भाबडाताईंच्या बाबांची पाटी म्हणजे त्या लार्जवाल्या टाइल्स असणार.

भाबडाप्रश्न
हो हो त्याच! लार्ज.
विनव्हरमध्ये २३एच२ दिसतंय.

नीलपरी_
मग सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट उघड. सगळ्यात वर तीन चित्रं दिसतील, मोअर पिन्स, डीफॉल्ट आणि मोअर रेकमेंडेशन्स. मोअर पिन्स निवड (पिन म्हणजे मेनूत वर लावून ठेवलेलं ॲप). खालची रेकमेंडेडची, म्हणजे विंडोज स्वतः सुचवतं त्या गोष्टींची, जागा कमी होते आणि वर ॲप्सची एक ओळ वाढते. मी आल्या आल्या तेच करते.

सहज_सुचलं
मी आत्ता गेलो त्या पानावर, मला तर तीन चित्रं दिसत नाहीत. कुठे आहेत?

नीलपरी_
वरतीच असतात रे. नीट बघ.

सहज_सुचलं
नीटच बघतोय. नाहीत. चष्मा पण लावला.

कळफलक
सहज, तुझ्याकडे २५एच२ हे नवं व्हर्जन असेल. २०२५ च्या शेवटी शेवटी जो नवीन मेनू आला त्यात ते तीन पर्याय काढून टाकलेत. नवीन मेनू एकच लांब पान आहे, वर पिन केलेले, खाली सगळे ॲप्स, खाली सरकवत जायचं. आणि तो स्क्रीनप्रमाणे स्वतः साईझ ठरवतो, मोठी स्क्रीन असली की पिन्सचे ८ रकाने, छोटी असली की ६. तुला त्या पानावर शो ऑल पिन्स बाय डीफॉल्ट असं एक बटण दिसेल, ते चालू केलंस की सगळे पिन्स एकदम दिसतील. आणि रेकमेंडेडची बटणं बंद केलीस तर तो भाग पूर्णच जातो, जे जुन्या ११ मध्ये होत नव्हतं, तिथे सगळं बंद केलं तरी रिकामी जागा तशीच राहायची.

सहज_सुचलं
२५एच२ च आहे. आणि हो, रेकमेंडेड गेलं. हुश्श. नीलपरी, चष्मा काढतो आता.

नीलपरी_
सॉरी सॉरी :हाहा:

जुनंखोड
म्हणजे आता मेनू स्वतःच ठरवणार माणसाला किती मोठा मेनू हवा. छान.

भाबडाप्रश्न
मोअर पिन्स केलं. ओळी वाढल्या. पण बाबांना दाखवलं तर म्हणाले "अगं आता तर अजूनच गर्दी झाली". आणि खरंय, चौकट तेवढीच आहे, आत चित्रं जास्त. मला उलट हवं होतं.

रात्रपाळी
एखादा वेगळा प्रोग्रॅम टाका ना. ओपन-शेल म्हणून फुकट आणि ओपन सोर्स आहे, सातसारखा मेनू येतो, एका रकान्याचा, दोन रकान्यांचा, हवा तसा. माझ्या मित्राकडे आहे.

जुनंखोड
मी तोच वापरतो. आधी क्लासिक शेल होतं, २०१७ च्या शेवटी त्याच्या कर्त्यानं काम थांबवलं, मग लोकांनी पुढे चालू ठेवलं ते हे ओपन-शेल. त्यात स्किनच्या पानावर लार्ज फॉन्ट मिळतो. शिफारस करतो.

नीलपरी_
पण मोठं अपडेट आलं की अशा गोष्टी कधीकधी रुसतात. घरात आपण असलो तर ठीक, वडील एकटे असताना सकाळी उठून पाटीच उघडली नाही तर फोन कोणाला येणार?

भाबडाप्रश्न
मला. सकाळी साडेसहाला. नको बाई.

आडवातिडवा
उशिरा आलो. वरचे सगळे प्रतिसाद वाचले आणि मला वाटतंय की आपण सगळे ताईंचा प्रश्न सोडून मेनूच्या मागे लागलोय. ताई, एक सांगा, "मोठा" म्हणजे नक्की काय मोठं हवंय? मेनूत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक बाहेरची चौकट, म्हणजे किती जागा व्यापते. दुसरी आतली चित्रं, टाइल किंवा आयकॉन. तिसरी अक्षरं. १० मध्ये चौकट आणि टाइल आपल्या हातात होत्या म्हणून आपल्याला सगळं एकच वाटायला लागलं. ११ मध्ये चौकट हातातून गेली पण अक्षरं अजूनही आहेत, आणि चित्रंही आहेत, फक्त वेगळ्या दारानं. बाबांना चौकट मोठी हवीय का, की वाचता येत नाहीये?

भाबडाप्रश्न
...
विचारलं. म्हणाले, "पाटी केवढी का असेना, मला त्यावर लिहिलेलं दिसायला हवं."
तीन दिवस मी चौकटच ओढत होते.

आडवातिडवा
:स्मित: होतं असं. मग आता दोन रस्ते आहेत, दोन्ही वेगळे आहेत, गल्लत करू नका.

पहिला, स्केल. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, तिथे स्केल म्हणून आकडा असतो, १००, १२५, १५० टक्के वगैरे. याने सगळंच मोठं होतं, मेनू, खिडक्या, बटणं, टास्कबार, अक्षरं. मेनूची चौकटसुद्धा मोठी होते, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर खरं तर हेच. पण याला किंमत आहे. समजा स्क्रीन १९२० बाय १०८० ठिपक्यांची आहे (यालाच रिझोल्यूशन म्हणतात). स्केल १२५ असेल तर विंडोजच्या हिशोबानं जागा उरते १५३६ बाय ८६४. १५० केलं की १२८० बाय ७२०. १७५ केलं तर १०९७ बाय ६१७, आणि मग मेनूलाच उंची पुरत नाही, तो आतून आखडतो, ओळी कमी दिसतात, खाली सरकवावं लागतं. म्हणजे मोठा करायच्या नादात मेनूत मावणाऱ्या गोष्टी कमी होतात.

दुसरा, नुसती अक्षरं. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट साईझ. तिथे १०० पासून २२५ पर्यंत सरकपट्टी आहे, वर नमुना दिसतो. सरकवून अप्लाय दाबावं लागतं (हे लोक विसरतात आणि मग म्हणतात काही झालंच नाही). दाबलं की थोडा वेळ निळा पडदा, प्लीज वेट, घाबरायचं नाही. याने जागा फारशी जात नाही, फक्त लिहिलेलं मोठं होतं. १० मध्येही आहे हे, ईझ ऑफ ॲक्सेसच्या डिस्प्लेमध्ये, मेक टेक्स्ट बिगर.

आत्ता स्केल किती आहे तिथे?

भाबडाप्रश्न
१२५, पुढे कंसात रेकमेंडेड लिहिलंय. स्क्रीन १९२० बाय १०८० च आहे, कसं ओळखलंत?

आडवातिडवा
अंदाज. हल्ली बऱ्याच लॅपटॉपची तेवढीच असते. १२५ तसंच ठेवा आणि टेक्स्ट साईझ १४० च्या आसपास करून बघा. एकदम २०० वर जाऊ नका, मेनूतली नावं चित्राखालच्या जागेत मावत नाहीत, मधेच तुटून पुढे तीन टिंबं येतात.

टिवल्याबावल्या
स्केलच्या खाली कस्टम स्केलिंग पण आहे, हवा तो आकडा टाकता येतो. ते जास्त भारी.

रात्रपाळी
टिवल्या, थांब!! ताई ते करू नका. माझी हकीगत ऐका. त्या चौकटीत १०० ते ५०० मधला कुठलाही आकडा घेतो तो. मला टाकायचं होतं १५०, घाईत टाकलं ३५०, साइन आउट करा म्हणाला, केलं. परत आत आलो तर नुसतं घड्याळ आणि दोन आयकॉन, सेटिंग्जची खिडकी उघडली तर तिचं डोकं तेवढं दिसतंय, बाकी स्क्रीनच्या बाहेर. चूक माझीच, पण सुधारायची कशी? माऊस काही कामाचा नव्हता. शेवटी विंडोज की आणि वरचा बाण मारून खिडकी पूर्ण पसरवली आणि मग टॅब, टॅब, टॅब मारत मारत त्या टर्न ऑफ कस्टम स्केलिंग अँड साइन आउटपर्यंत पोचलो. अर्धा तास गेला. रिझोल्यूशन बदललं तर निदान १५ सेकंद वाट बघून आपलं आपण मागे तरी जातं, कस्टम स्केलला ती दयामाया नाही.

आडवातिडवा
३५० म्हणजे ५४८ बाय ३०८. जुन्या मोबाइलवर विंडोज चालवल्यासारखं.

कळफलक
+१. कस्टमच्या वाटेला जायचं नाही. आणि ताई, रिझोल्यूशनही कमी करू नका. बरेच जण अक्षरं मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन खाली आणतात, मग सगळं मोठं दिसतं खरं पण पुसट, डोळ्यांना आणखी त्रास. स्क्रीनचं जे मूळ रिझोल्यूशन आहे त्यावरच ठेवायचं आणि स्केलनं खेळायचं.

भाबडाप्रश्न
टेक्स्ट साईझ १४० केलं. निळा पडदा आला, बाबा म्हणाले "मोडलंस?" मग मोठ्या अक्षरात पाटी उघडली. बाबा चष्मा कपाळावर न नेता "मेल" असं मोठ्यानं वाचले!! म्हणजे आवाजात वाचले :हाहा:
पण चित्रं बारीकच आहेत आणि हात थरथरतो त्यामुळे नेम चुकतोच थोडा. ते चार मोठे चौकोन नाहीच का मिळणार?

नीलपरी_
मेनूत नाही मिळणार. पण ताई, मेनूच कशाला? डेस्कटॉपवर ठेव ना. मेनूतलं ॲप माऊसनं धरून डेस्कटॉपवर ओढ, शॉर्टकट तयार होतो. चारही काढून घे. मग डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी क्लिक कर, कंट्रोल दाबून ठेव आणि माऊसचं चाक पुढे फिरव. आयकॉन फुगत जातात, अगदी तळहाताएवढे होईपर्यंत. आईला मी हेच करून दिलंय. उठसूट पाटी उघडायचीच गरज नाही.

जुनंखोड
ही युक्ती मला माहीत नव्हती. आत्ता केली. माझा कचऱ्याचा डबा स्क्रीनचा पाव भाग झालाय. सांगायचा मुद्दा, उपयोगी आहे.

सहज_सुचलं
काका, चाक उलटं फिरवा आता :हाहा:

कळफलक
नीलपरीची सूचना सगळ्यात चांगली. जोडीला मेनूतली गर्दी पण कमी करा. नको असलेल्या प्रत्येक पिनवर राइट क्लिक, अनपिन फ्रॉम स्टार्ट. ॲप जात नाही, फक्त तिथून उठतं. नवीन लॅपटॉपवर नाहीतरी निम्मे पिन्स आपण कधीच न उघडणारे असतात. आणि जे हवे त्यावर राइट क्लिक करून मूव्ह टू फ्रंट केलं की पहिल्या जागी येतात. आणि मघाशी तुम्ही मोअर पिन्स केलंत ते परत डीफॉल्ट करून टाका, चारच पिन्स ठेवायचे तर जास्तीची ओळ कशाला.

आडवातिडवा
आणि बाबांना हे एक दाखवून ठेवा, विंडोज की आणि अधिकचं चिन्ह एकदम दाबलं की भिंग येतं, सगळी स्क्रीन मोठी. विंडोज की आणि एस्केप, बंद. कधी एखादं बारीक पत्र वाचायचं असलं तर स्केल बदलण्यापेक्षा हे बरं.

भाबडाप्रश्न
भिंग दाखवलं. त्यांना पत्ते खेळताना ते आवडलंय म्हणे, इस्पिक आणि किलवर वेगळे दिसतात :स्मित:

अबोलघेवडा
नमस्कार, वाचनमात्र होतो, आज लिहितोय. ऑफिसच्या मशीनवर (विंडोज १०) हे काहीच बदलता येत नाही. स्टार्टचं पान उघडलं की वर लाल अक्षरात येतं की काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते, आणि फुल स्क्रीनचं बटण फिकं, दबतच नाही. घरी काही उपाय करून फाईल वगैरे नेऊन चालेल का?

कळफलक
नाही आणि करूही नका. ग्रुप पॉलिसीत त्यासाठी स्वतंत्र नियम आहे, स्टार्ट फुल स्क्रीन तरी नाहीतर मेनूच्या आकारात तरी, जे सांगू ते सक्तीनं. तुमच्या आयटीवाल्यांनी तो लावलाय. त्यांनाच सांगा, डोळ्यांचा त्रास आहे म्हणून, ते तुमच्यापुरता काढू शकतात. तोवर टेक्स्ट साईझ बघा, ते बहुतेक ठिकाणी उघडं असतं.

अबोलघेवडा
टेक्स्ट साईझ उघडं आहे! ११५ केलं. धन्यवाद. पुन्हा वाचनमात्र होतो.

टिवल्याबावल्या
अवांतर : मी लिनक्सवर गेलो गेल्या वर्षी. एक्सएफसीईवर (लिनक्सचा एक डेस्कटॉप) विस्कर मेनू आहे, कोपरा धरायचा आणि ओढायचा, बास. चित्रं केवढी, यादी केवढी, सगळं वेगवेगळं. इथे एवढी चर्चा वाचून मजा वाटली.

रात्रपाळी
अवांतराला अवांतर : मॅकवाल्यांचं काय?

नीलपरी_
मॅकवर असा मेनूच नाही, वरची पट्टी असते. सिस्टिम सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले, तिथे मेनू बार साईझ, डीफॉल्ट किंवा लार्ज, दोनच. आणि लार्ज केलं की लॉग आउट करायला लावतं. त्यामुळे फार खूश होऊ नका कोणी.

जुनंखोड
टिवल्या लिनक्सवर गेला तरी प्रतिसाद अजून धागा वाचल्याशिवायच देतो.

टिवल्याबावल्या
काका :लोटपोट:

सहज_सुचलं
अजून एक, कोणाला लागलं तर. माझा लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडलेला असतो, वायर काढली की कधीकधी मेनू विचित्र साईझचा उघडतो, किंवा अर्धा कापलेला. मी दर वेळी रीस्टार्ट करायचो.

कळफलक
रीस्टार्ट नको. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, यादीत विंडोज एक्सप्लोरर शोध, राइट क्लिक, रीस्टार्ट. टास्कबार क्षणभर जाऊन येईल. त्यानेही नाही झालं तर डीटेल्सच्या पानावर स्टार्ट मेनू एक्सपीरिअन्स होस्ट नावाचं एक असतं, ते एंड टास्क कर. मेनू म्हणजे तोच प्रोग्रॅम आहे, मारला की पुढच्या वेळी बटण दाबल्यावर ताजा उठतो.
आणि दोन स्क्रीनचं स्केल वेगवेगळं असतं हे लक्षात ठेव. डिस्प्लेच्या पानावर वर १ आणि २ असे चौकोन असतात, ज्याचं बदलायचं त्यावर आधी क्लिक करायचं. लोक लॅपटॉपचं बदलतात आणि मॉनिटरवर फरक शोधत बसतात.

सहज_सुचलं
हो, तेच करत होतो मी. वाचनखूण साठवली.

भाबडाप्रश्न
अपडेट देते. स्केल १२५, टेक्स्ट १४०, डीफॉल्ट लेआउट, मेनूत फक्त मेल, बातम्या, पत्ते, फोटो आणि सेटिंग्ज, डेस्कटॉपवर तेच चार तळहाताएवढे. बाबा खूश. डेस्कटॉपला पण पाटीच म्हणायला लागलेत, म्हणजे आता फोनवर कुठली पाटी ते आधी विचारावं लागतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः आडवातिडवा, तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसता तर मी अजून कड ओढत असते.

आडवातिडवा
आनंद आहे. बाबांना नमस्कार सांगा.

भाबडाप्रश्न
धागा बंद करणार होते तेवढ्यात फोन. बाबा म्हणतायत पाटीवरच्या (मेनूतल्या) बातम्या गेल्या. "मी काही केलं नाही, फक्त नीट लावत होतो." मेनूत बघितलं तर बातम्या नाहीत, पत्ते पण नाहीत, त्याऐवजी एक चौकोन आहे ज्यात दोन इवलीशी चित्रं. हे काय?

नीलपरी_
फोल्डर झालं. एक चित्र ओढून दुसऱ्यावर सोडलं की दोघांचं मिळून फोल्डर होतं. त्यावर क्लिक करायला सांग, उघडेल, आतलं चित्र धरून बाहेर ओढायचं. एकच उरलं की फोल्डर आपोआप मोडतं.

भाबडाप्रश्न
निघालं बाहेर. पत्ते बाहेर काढले, बातम्या आपोआप सुटल्या.